जस्ताचं पन्हं

५ मे, सोमवार

पाणी भरून झालं होतं. दूध तापवून जाळीच्या कपाटात ठेवलं होतं. मी पीठ मळत असताना हे दारातूनच म्हणाले, "बागेत चक्कर मारून येतो, भाकर झाकून ठेव." मी चार भाकरी केल्या, भरीत केलं, अंगण झाडलं. उशांचे अभ्रे भिजवले आणि त्यांना साबण लावायला बसले, तेवढ्यात शेजारच्या बागेतला संपत ओरडत आला.

ही कामं मी रोज एकदा मनात क्रमानं करते. तीन वर्षं झाली. अंगण आधी झाडलं असतं तर हे दहा मिनिटं थांबले असते का, असं बघते. काही निघत नाही त्यातून.

मोसंबीच्या झाडात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. एकच माशी मानेला चावली. आदल्या वर्षी चावली होती तेव्हा नुसता हात सुजला होता. या वेळी अंगभर पित्त उठलं, गळा सुजला, आणि अंबडचा रस्ता येईपर्यंत सगळं संपलं. वीस मिनिटं. एवढा धडधाकट माणूस एवढ्याशा माशीनं कसा जातो, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. सगळे म्हणाले, नशीब. मी सातवी शिकलेली. पण नशीब म्हणून मला पटेना, म्हणून वाचायला लागले. आधी वाचनालयातली पुस्तकं, मग कॉलेजातल्या केदारसरांनी दिलेल्या झेरॉक्स. ते इंग्रजी वाचून मराठीत सांगतात, मी लिहून घेते.

आता मला माहीत आहे. कातडीखाली काही पेशी असतात, दाण्यांनी गच्च भरलेल्या. दाण्यांत हिस्टामिन. शरीर एकदा विष ओळखून बसलं की दुसऱ्या वेळी पेशीला इशारा जातो, तिचे दरवाजे उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. ते आत शिरलं की दाणे फुटतात आणि हिस्टामिन रक्तात सांडतं. पित्त, सूज, धाप, सगळं त्याचं. कॅल्शियम आत आलं नाही तर दाणे फुटत नाहीत.

म्हणजे यांचा जीव एका दरवाज्यानं गेला. हे कळल्यावर मला थोडी झोप लागायला लागली.

७ मे, बुधवार

कल्याणीचा फोन. माझी सून. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची रीत, ती बँकेत नोकरी करते तरी पाळते. म्हणाली, "आत्या, शरयूच्या अंगावर परत पित्त उठलं. मांड्या लाल झाल्यात. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली."

शरयू सहा वर्षांची. चार महिने झाले, अधूनमधून उठतं आणि दोन तासांत जातं. कशानं, ते कळत नाही.

मी म्हणाले, "सुट्टीत इकडं पाठव. मी बघते."

ती म्हणाली, "आई म्हणत होती तिच्याकडं ठेवू म्हणून. गावातल्या गावात आहे, दवाखाना जवळ."

आई म्हणजे उषाबाई, माझ्या विहीणबाई. जालन्यात राहतात. चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. बोलणं हळू, साडीला कडक इस्त्री. त्यांचे आदिनाथराव अजून सकाळचा चहा स्वतः करतात आणि बायकोला हातात देतात. मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघत बसले.

शरयू मला 'अंबडची आजी' म्हणते. त्यांना नुसतं 'आजी'.

जूनपासून शाळा सुटल्यावर पोरगी कुणाकडे राहणार, हे या सुट्टीत ठरायचं आहे. माझा मुलगा भारत म्हणतो, "आई, तू जालन्याला येऊन राहा." पण कल्याणीच्या मनात तिची आई आहे. मला ती पोरगी पाहिजे. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. या घरात दिवसभर मला हाक मारणारं कुणी नाही.

८ मे, गुरुवार

भारत शरयूला सोडून गेला. आठवडाभर माझ्याकडे, मग उषाबाईंकडे. अशी वाटणी ठरली. पिशवीत गोळ्या, आणि उषाबाईंच्या सुंदर अक्षरातली एक चिठ्ठी: पित्त उठलं तर काय करावं. सात मुद्दे. शेवटी 'काळजी नसावी'.

मी चिठ्ठी भारतसमोर वाचली आणि म्हणाले, "त्यांना सांग, मला बी थोडं कळतं."

"आई, त्यांनी चांगल्या मनानं दिली. तू उगं चिडून राह्यली."

"मी कुठं चिडले? हसून बोलले न्हाई का?"

शरयू म्हणाली, "अंबडच्या आजी, तू हसली नव्हती."

१० मे, शनिवार

केदारसर घरी आले, नवी झेरॉक्स घेऊन. धातूंवरची. धातू विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण होतात, आणि ते कण या पेशींच्या दरवाज्यावर काय करतात, त्याचे जुने प्रयोग. उंदराच्या आणि माणसाच्या पेशी बशीत घेऊन केलेले.

स्ट्रॉन्शियम नावाचा धातू कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो आणि त्याचंच काम करतो. ते नसलं तरी दाणे फुटतात. मला ताबडतोब उषाबाई आठवल्या.

लँथॅनम म्हणून एक आहे. तो स्वतः आत जात नाही, दरवाज्यात ठाण मांडून बसतो आणि कॅल्शियमलाही आत जाऊ देत नाही. हा धातू मला आवडला.

आणि जस्त. आपलं साधं जस्त. बशीत जस्त घातलं की हिस्टामिन कमी सुटतं. सरांनी तक्ता दाखवला, रेघ खाली खाली येत गेलेली. मी त्या रेघेवर बोट फिरवलं.

"सर, म्हंजे जस्त पोटात गेलं तर पित्त थांबंल?"

"काकू, हे बशीतलं आहे. माणसाचं शरीर म्हणजे बशी न्हाई. यावरून घरी काही करू नका बरं."

"न्हाई हो. नुसतं विचारून राह्यले."

शरयू आतल्या खोलीत मांडी खाजवत होती. खर्र खर्र आवाज बाहेर येत होता.

११ मे, रविवार

जस्त कुठून आणायचं, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. माळ्यावर सासूबाईंच्या वेळचं पितळी पातेलं आहे. त्याची कल्हई केव्हाच उडाली, आणि कल्हईवाला इकडे फिरकून पाच-सहा वर्षं झाली.

आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवायचा नाही, कळकतो, हे मला आठव्या वर्षी आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलं. पण कळकतो म्हणजे काय होतं? आंबट पितळेतून धातू ओढून घेतं. म्हणजे जे टाळायला आपण कल्हई करतो, तेच मला हवं आहे. ही गोष्ट चौतीस वर्षं शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही, माझ्या आली. तांबंही थोडं उतरेल, पण तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर लोक मुद्दाम पितात.

पातेलं चिंच-मिठानं घासलं. सोन्यासारखं निघालं. कैरीचं पन्हं करून त्यात अर्धा तास ठेवलं. शरयूला अर्धा पेला दिलं. आधी मी प्याले. जरा वेगळं लागलं, फार नाही.

"कसं लागलं गं?"

"मस्त."

१३ मे, मंगळवार

दोन दिवस पित्त नाही. एक चट्टा नाही! काल तासभर ठेवलं होतं पन्हं. गोळी रोजच्यासारखी चालू आहे, पण गोळी तर आधीही चालू होती.

कल्याणीला फोन केला. "आत्या, तुमच्या हवेनं बरं वाटलं वाटतं." मी म्हणाले, हवेनं नाही, सांगेन नंतर. भारत मागून म्हणाला, "आमची आई डॉक्टर झाली." हसत होता, पण मला बरं वाटलं. आठवडा पूर्ण होऊ दे. मग सगळ्यांसमोर सांगेन, उषाबाई असताना.

यांच्या फोटोला हार बदलला. तुमच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं, असं त्यांना म्हणाले.

१६ मे, शुक्रवार. जालना.

काल लिहायला झालं नाही. नीट लिहिते.

काल सकाळी अकराला उषाबाई आणि आदिनाथराव न कळवता आले. गाडीतून उतरताना त्यांनी बायकोला हात दिला. डबाभर काजूकतली आणली होती. शरयू "आजीऽ" करत धावली. नुसतं आजी. मी दारातच उभी होते.

पन्हं मी सकाळी सहालाच करून पातेल्यात ओतलं होतं. पाहुण्यांच्या गडबडीत ते तिथंच राहिलं. बाराला आठवलं. सहा तास. पाहुण्यांना मी चहा केला, पन्हं दाखवलंही नाही. शरयूला मात्र आत बोलावून पेलाभर दिलं. रंग हिरवट आला होता. मला तो कैरीचा वाटला. खरं लिहू? वाटला नाही. वाटून घेतला. काल उषाबाईंसमोर तिच्या अंगावर एकही चट्टा नको होता मला.

बाहेर जाऊन तिनं दोन कतल्या खाल्ल्या. मग पित्त उठलं, पोटावर, मानेवर. अर्ध्या तासात उलटी. एक, दोन, पाच वेळा. पोरगी पांढरी पडली. मला वाटलं मी पुन्हा अभ्र्यांना साबण लावत बसले आहे. हात हलेना. उषाबाईंनी तिला उचललं, आदिनाथरावांनी गाडी काढली. जालन्यात मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? उषाबाई म्हणाल्या, "काजू. मी दिले." पित्त आणि उलट्या एकत्र म्हणजे मोठी अ‍ॅलर्जी, असं म्हणून बाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं. यांना मिळालं नव्हतं तेच. रात्रभर ठेवून घेतलं. आज पोरगी खेळून राहिली आहे.

दवाखान्याच्या बाकावर उषाबाई रडत होत्या. "माझ्या हातानं दिलं हो, द्वारकाताई."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

१७ मे, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी सकाळपासून काय काय खाल्लं त्याची यादी लिहून मागितली. कल्याणी म्हणाली, "आत्या, तुम्हीच लिहा. पोरगी तुमच्याजवळ होती."

मी लिहिलं: दूध. गूळ-पोळी. काकडी. वरणभात. काजूकतली दोन.

अक्षर सुंदर आलं. उषाबाईंच्या चिठ्ठीपेक्षा.

२० मे, मंगळवार

मी भारतच्या घरीच आहे. शरयूला आता काजू, बदाम, शेंगदाणे, तीळ, काहीच नाही. आमच्या स्वयंपाकात दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, सगळं नव्यानं शिकायचं. शेजारच्या वाढदिवसाला पाठवलं नाही. ती खिडकीतून फुगे बघत उभी होती.

जेवताना भारत म्हणाला, "आई, आता ठरलं. जूनपासून तूच. तुझ्याइतकं बराबर कोण बघणार?"

कल्याणीनं मान हलवली. "आईला मी सांगितलंय, सध्या घरी खायला काही आणू नको. ती यायचीच बंद झाली."

मला पाहिजे होतं ते मिळालं. भाजीला चव नव्हती. कुटाशिवाय कुठून येणार?

२५ मे, रविवार

उषाबाईंचा फोन आला.

"द्वारकाताई, शरयू कशी आहे?"

"बरी आहे."

"मी घरातले सगळे काजू-बदाम टाकून दिले. डबेसुद्धा दिले. हे म्हणतात, किती दिवस रडशील." मग म्हणाल्या, "चौतीस वर्षं पोरींना शिकवलं, आणि नातीला काय द्यावं ते मला कळलं नाही. तुम्ही एवढं वाचलंय. ती तुमच्याकडे राहील तेच बरं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी काय काय केलं असतं. ऐकलं. "ठीक आहे, ठेवते," म्हणाले.

केदारसरांची झेरॉक्स काढून पुन्हा वाचली. मागच्या पानावर एक ओळ होती, मी त्या दिवशी घाईत लिहून घेतलेली: तांब्याचे क्षार पोटात गेले की उलट्या होतात. पितळेत दोन वाटे तांबं, एक वाटा जस्त. हे मीच लिहिलं होतं आणि मीच वाचलं नव्हतं.

तरी काजूनंही झालं असेल. असेलच असं नाही, पण असेल.

२९ मे, गुरुवार

येत्या मंगळवारी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात शरयूच्या हातावर सुया टोचून तपासणी आहे, कशाकशाची अ‍ॅलर्जी ते बघायला. त्याआधी आठवडाभर पित्ताची गोळी बंद ठेवायची असते, नाहीतर तपासणी खोटी येते. मंगळवारपासून बंद आहे. मांड्यांवर, पाठीवर पित्त उठतं आणि पोरगी खाजवते. आज चादरीला रक्ताचे ठिपके होते. कल्याणीनं तिच्या हातांना मोजे घातले.

"मम्मा, काढ ना गं, जल्दी काढ ना!"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून.

३१ मे, शनिवार

दुपारी मी आणि शरयू दोघीच होतो. तिच्या पाठीला थंड फडकं लावत होते. मी म्हणाले, "तपासणी झाली की तुला काहीतरी गोड करून देते."

"पन्हं नको हं, अंबडच्या आजी."

"का गं?"

"जिभेवर पैसा ठेवल्यासारखं लागायचं ते. त्या दिवशी तर लय घाण लागलं. पिल्या पिल्या पोटात कसंतरी झालं."

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. "मंग तेव्हा सांगितलं का न्हाई?"

"तू विचारलं, कसंय, मी म्हणले मस्त. तू खूश झाली होती ना." मग म्हणाली, "मी कतली खाल्ली ते चव जायला खाल्ली. उषाआजीला नको सांगू, तिला वाटंल तिची कतली आवडली न्हाई मला."

आज पहिल्यांदा ती त्यांना उषाआजी म्हणाली. पंधरा दिवसांत भेट नाही म्हणून. अशी नावं लांबतात, हे मला माहीत आहे.

ती झोपल्यावर मी पाठीमागच्या गॅलरीत बसले. सांगितलं तर भारत काय म्हणेल ते मला माहीत आहे, तो काहीच म्हणणार नाही, आणि तेच वाईट. कल्याणी पोरीला माझ्याकडे कधी एकटी सोडणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही नसती सोडली. जूनमध्ये मी अंबडला परत, त्या घरात. आणि शरयू त्यांच्याकडे, जिथं चहा हातात मिळतो.

नाही सांगितलं तर मंगळवारी पोरीला टोचतील, आणि काही निघालं काय नि नाही निघालं काय, त्या उलट्या काजूच्याच नावावर राहतील. ती जन्मभर दाण्याला भिऊन जगेल. कधीतरी खरंच काही होईल, तेव्हा डॉक्टर तिच्या कागदात माझ्या अक्षरातली यादी बघतील.

एवढं वाचून मी हेच शिकले का? यांना विचारलं.

अजूनही मला उषाबाईंचा हेवा वाटतो. सांगून तो जाईल असं वाटत नाही.

१ जून, रविवार

आज सकाळी सातला रिक्षा करून उषाबाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं. चपला काढायच्या आधीच मी त्यांना पन्ह्याचं सांगितलं. मग त्यांच्याच फोनवरून भारतला सांगितलं, आणि नऊला डॉक्टरीणबाई दवाखान्यात आल्यावर यादीत ते माझ्या हातानं लिहून आले.